रक्ततपासणीवरून हाडांची झीज कळते का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): आईच्या कमरेच्या डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या घनतेशी तुलना) उणे २.७ आला आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या चिनी स्त्रियांच्या अभ्यासांत सीटीएक्स, पी१एनपी आणि ऑस्टिओकॅल्सिन हे हाडांच्या झीज-घडणीचे रक्तातले निर्देशक वाढलेले असताना हाडांची घनता कमी आढळल्याचे वाचले. मग पुढे डेक्साऐवजी रक्त तपासून भागेल का?

उत्तर १: भागणार नाही. सीटीएक्स हाड झिजण्याचा वेग दाखवते आणि पी१एनपी नवे हाड घडण्याचा. रजोनिवृत्तीनंतर दोन्ही वाढतात, पण झीज भरून निघत नाही. निदान मुख्यतः घनतेवरून होते, टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार).

उत्तर २: औषध लागू पडते आहे का, हे मात्र रक्तातून डेक्साच्या आधी कळते. सीटीएक्ससाठी सकाळी उपाशीपोटीच रक्त द्यावे, कारण खाल्ल्यावर ते उतरते. (चहा-बिस्किट घेऊन गेलेल्या आमच्या सासूबाईंना नाशिकरोडच्या लॅबने परत पाठवले, योग्यच केले.)

प्रश्नकर्ता: आभारी आहे. डॉक्टरांना तुलनेसाठी औषधाआधीच्या सीटीएक्सविषयी विचारतो.