वॉल्ट्झची बॉक्स स्टेप येते, पण दिसते कवायतीसारखी

डिसेंबरात मडगावला मैत्रिणीचं लग्न आहे, तिथे फ्लोअरवर वॉल्ट्झ (तीन ठोक्यांवरचा जोडीचा नाच) करायचाय म्हणून मी आणि नवरा दोन महिने क्लासला जातोय. बॉक्स स्टेप, म्हणजे एक-दोन-तीन मोजत चौकोनात टाकायची पावलं, पाठ झालीये, मोजणी चुकत नाही. पण काल व्हिडिओ काढला आणि बघून खूप वाईट वाटलं, आम्ही नुसते फरशीवर चौकोन आखतोय असं दिसतंय. बाकीच्या जोड्या हीच स्टेप करतात आणि तरंगल्यासारख्या दिसतात. नेमकं काय कमी पडतंय?

प्रतिसाद १
राइझ अँड फॉल, म्हणजे अंगाचं वर चढणं आणि खाली उतरणं. एकला गुडघा मऊ, पुढे जाणाऱ्याची टाच आधी टेकते, एक संपता संपता वर चढायला लागायचं आणि दोन-तीनला चढतच राहायचं. बहुतेक जण दोनलाच एकदम वर जातात आणि तीनला पाय जुळले की लगेच खाली येतात, तिथेच सगळं बिघडतं. तीनला वर असतानाच पाय जुळवा, मग अगदी शेवटी, ज्या पायावर वजन आहे त्याच पायाचा गुडघा हळू वाकवत उतरा. हे उतरणं जमायला मला सहा महिने लागले, पण नाच सुंदर दिसतो तो त्यानेच. ओट्याला धरून रोज फक्त चढा-उतरा. आणि टाचा वर जातात तेव्हा खांदे वर जाऊ देऊ नका.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. शिवाय दोनला पाय तिरका नेऊ नका, आधी उभ्या पायाजवळून न्या, मग बाजूला, तेही साधारण खांद्याएवढंच. फार लांब टाकला की जुळवताना अंग कलंडतं. पहिलं पाऊल मात्र मोठं हवं, ते मागच्या पायाने ढकलून घ्यायचं.

प्रतिसाद ३
मी गोव्यातलाच, एक गोष्ट आधीच सांगतो. स्पर्धेतला स्लो वॉल्ट्झ मिनिटाला २८-३० बारचा (एका बारमध्ये तीन ठोके), म्हणजे ८४-९० ठोके, क्लासमध्येही साधारण तेवढाच ठेवतात. लग्नात बँड बऱ्याचदा त्याहून जलद वाजवतो. तेव्हा राइझ कमी करा, पावलं लहान करा, नाहीतर दम लागतो आणि चेहऱ्यावर दिसतो. थोड्या जलद गाण्यावरही सराव करून ठेवा. पायांकडे बघू नका, तुमचं डोकं किंचित डावीकडे, नवऱ्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे बघत.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार सगळ्यांचे! आत्ता ओट्याला धरून करून बघितलं, पोटऱ्या भरून आल्या, पण कळलं की तीनला मी खरंच आधीच खाली येत होते. नवऱ्यालाही उभं केलंय. रविवारी परत व्हिडिओ काढतो.