कुरोदाला विसरू नका
काहीजण म्हणतात की जपानी बेसबॉलपटू एकदा अमेरिकेत गेले की पैशापुढे जुना क्लब विसरतात, पण हिरोकी कुरोदाचं करिअर बघा ना. हिरोशिमा कार्प या जपानी क्लबचा पिचर (बॉल टाकणारा खेळाडू), २००८ ला अमेरिकेतल्या डॉजर्स टीममध्ये गेला, मग तिथल्याच यांकीजकडे तीन सीझन, तिकडे एकूण ७९ मॅचेस जिंकल्या आणि अजून कोट्यवधी डॉलर्स मिळत असताना २०१५ ला सरळ कार्पकडे परत आला, तेही चाळिशीत! २०१६ ला कार्पने २५ वर्षांनी सेंट्रल लीग (जपानच्या दोन मुख्य बेसबॉल लीगपैकी एक) जिंकली, टोकियो डोम स्टेडियममधल्या त्या निर्णायक मॅचला पिचिंगची सुरुवात यानेच केली होती. नंतर तो आणि त्याचा टीममेट आराई गळ्यात पडून रडले, मला तर ते बघून भरूनच आलं. त्याची १५ नंबरची जर्सी क्लबने कायमची रिटायर केलीय, म्हणजे तो नंबर आता दुसऱ्या कुणाला देत नाहीत.