सान्तेरिया की लुकुमी? नाव कोणाचं धरायचं?

पाऊलवाट : आपल्याकडे ‘वूडू’ म्हटलं की टाचण्या टोचलेली बाहुलीच डोळ्यांसमोर येते. हैतीत वोदू हा धर्म आहे. १८३५ च्या दंडसंहितेने त्याला चेटूक ठरवलं. सरकारने धर्म म्हणून मान्यता दिली ती थेट २००३ मध्ये. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही २०१२ मध्ये ‘वूडूइझम’ हे विषयनाम बदलून ‘वोदू’ केलं. क्यूबात आफ्रिकी गुलामांच्या श्रद्धांतून घडलेल्या धर्माचं ‘सान्तेरिया’ हे नावही बाहेरच्यांनी हिणवून ठेवलेलं, म्हणजे संतांचंच फार करणारे. त्यांचं स्वतःचं नाव लुकुमी, नाहीतर रेग्ला दे ओचा. मराठीत लिहिताना आपण हीच नावं वापरावीत.

रानवारा : स्वतःचं म्हणजे नेमकं कोणाचं? १९८३ मध्ये ब्राझीलमधल्या साल्वादोर शहराच्या माई स्तेला आणि इतर ज्येष्ठ पुजारिणींनी जाहीर केलं, कान्दोम्ब्ले या तिथल्या आफ्रिकी वळणाच्या धर्मात कॅथलिक संतांची सरमिसळ नको. त्यांचा तो हक्कच. पण त्याच शहरात ४ डिसेंबरला लाल-पांढरे कपडे घालून सांता बार्बराच्या मिरवणुकीत चालणारी बाई इयान्सा या ओरिशालाच, म्हणजे कान्दोम्ब्लेतल्या देवतेलाच, हात जोडत असते. तिची भक्ती कमअस्सल ठरवणारे आपण कोण? क्यूबातही कितीतरी जण अभिमानाने स्वतःला सान्तेरो म्हणवतात. शिवी अंगावर घेऊन त्यांनी ती आपलीशी केली.

पाऊलवाट : त्या बाईला मी कमअस्सल म्हणत नाही. फ्लोरिडातल्या हायलीया शहराने १९८७ मध्ये पशुबळीवर बंदी आणली. तिथले लुकुमी भाविक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९९३ मध्ये एकमताने जिंकले. त्यांच्या संस्थेच्या नावातच ‘लुकुमी’ आहे, तरी निकालपत्रात धर्माचं नाव ‘सान्तेरिया’. मला हे फार लागतं.

रानवारा : पण त्याच नावाने त्यांना संरक्षण मिळालं ना!

मीरा_ज : तुम्ही दोघंही ओरिशांपाशीच थांबलात. ब्राझीलचाच दुसरा धर्म, उम्बांदा, कुठे बसवणार? परंपरेनुसार त्याची सुरुवात १९०८ ची, रिओजवळची. त्यात ओरिशा आहेत, फ्रान्सच्या कार्देकचा स्पिरिटिझम, म्हणजे मृतात्म्यांशी संवाद मानणारा पंथ, आहे, आदिवासींचे आत्मे आहेत, आणि गुलामीत म्हातारे झालेल्यांचे, प्रेतो वेल्यो. ‘आफ्रिकी’ म्हणावं तर निम्मं सुटतं, न म्हणावं तर त्या म्हाताऱ्यांनाच दाराबाहेर ठेवल्यासारखं होतं. कान्दोम्ब्लेच्या शाखाही वेगवेगळ्या आफ्रिकी लोकसमूहांकडून आल्या : केतू योरुबांकडून, जेजे फोन-एवेंकडून, अंगोला बांतूंकडून. योरुबा तेवढं शुद्ध, ही उतरंड रचण्यात अभ्यासकांचाही हात आहे.

पाऊलवाट : मीराताई, अंगोलाचं पटलं. माझ्या डोक्यात खरंच सगळं योरुबाच होतं. उम्बांदाचे भक्त स्वतःला उम्बांदिस्ता म्हणवतात, मीही तेच लिहीन, पुढे ‘आफ्रिकी’ न जोडता. लुकुमीचा हट्ट मात्र सोडणार नाही.