बंद ठेवलेल्या वीज केंद्राला पैसे द्यायचे कशाला?

भोसरीचा वर्कशॉपवाला
काल शॉपचं बिल आलं. मागच्या महिन्यात ऑर्डर नव्हती, दोन सीएनसी मशिनं झाकून ठेवल्यात, युनिट कमी पडले तरी डिमांड चार्ज, म्हणजे जोडभारावरचा ठरावीक आकार, आहे तेवढाच. चौकशी केल्यावर कळलं की वरही हेच चालतं. लोड डिस्पॅच सेंटर, म्हणजे कुठल्या केंद्राने कधी किती वीज द्यायची ते ठरवणारं नियंत्रण केंद्र, एखाद्या औष्णिक केंद्राला सांगतं की तुमची वीज महाग पडते, संच बंद ठेवा, मग कोळसा जळत नाही, एक युनिट येत नाही, तरी स्थिर आकार वितरण कंपनीने द्यायचा आणि तो फिरून आमच्या दरात येणार. न बनवलेल्या मालाचे पैसे मला कुठलं गिऱ्हाईक देतं हो? माझं मत सरळ आहे, वीज दिली तर पैसे.

रिटायर्ड शिफ्टवाला, कर्वेनगर
दादा, विदर्भातल्या एका केंद्रात कंट्रोल रूमला बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. तुमच्या गिऱ्हाइकाने सांगितलं की दोन्ही मशिनं वर्षभर फक्त माझ्यासाठी ठेवा, ऑपरेटर हजर ठेवा, मी म्हणेन त्या दिवशी माल पाहिजे, तर तुम्ही भाडं लावाल की नाही? स्थिर आकार म्हणजे ते भाडं. कर्जाचे हप्ते, पगार, देखभाल. आणि ते आपोआप मिळत नाही, साधारण ८५ टक्के उपलब्धता दाखवली तर पूर्ण, त्याखाली कापलं जातं.

पद्धत अशी की दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक. आदल्या दिवशी केंद्राने सांगायचं की कुठल्या ब्लॉकला किती मेगावॅट देऊ शकतो, मग डिस्पॅच सेंटर स्वस्त इंधनवाल्यापासून वर चढत शेड्यूल देतं. इंधनाचे पैसे मिळतात ते शेड्यूलवर, मीटरवर किती आलं त्यावर नाही, कमीजास्त झालं तर त्याचा हिशोब वेगळा, आणि चुकीच्या वेळी चुकलात तर दंड. पश्चिम विभागात हे २००२ पासून आहे. त्याआधी ज्याला जसं वाटेल तसं, ग्रिडची फ्रिक्वेन्सी, जी ५० हर्ट्झ असायला हवी, ती ४८ च्या घरात गेलेली मी पॅनलवर बघितलीय, आज ४९.९० च्या खाली गेली तरी फोन सुरू होतात.

आणि हो, या स्वस्तापासून महागापर्यंतच्या क्रमात, म्हणजे मेरिट ऑर्डरमध्ये, स्थिर आकार धरतच नाहीत. समजा एकाचा स्थिर २ रुपये आणि इंधन ३, दुसऱ्याचा स्थिर १ आणि इंधन ४. बेरीज दोघांची ५ च, पण चालतो पहिला, कारण स्थिर पैसे दोघांना जायचेच आहेत, वाचतं ते फक्त इंधन. दुसऱ्याला बंद ठेवल्यावर तुमचा रुपया वाचतोय.

सदाशिव पेठ ३०
काका, हिशोब पटतो, पण "देऊ शकतो" हे खरं की खोटं कोण बघणार? एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आठवा. करारात थंड अवस्थेतून तीन तासांत पूर्ण लोड असं होतं. २८ जानेवारी २००१ ला महाराष्ट्राच्या वीज मंडळाने लोड मागितला, तो वेळेत मिळाला नाही, मंडळाने ४०१ कोटींचा दावा लावला आणि मे मध्ये करारातूनच बाहेर पडायची नोटीस दिली. या कराराचे आकडे आधीपासून उलगडून सांगणारे आपल्या पुण्यातलेच प्रयास या अभ्यासगटाचे लोक होते. म्हणजे तयारीचे पैसे महिनोन्महिने मागायचे आणि वेळेला तयारी नाही. भोसरीवाल्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही.

सोलरवाला, बाणेर
आमची बाजू पण ऐका. आम्हाला स्थिर आकार वगैरे काही नाही, युनिट गेलं तरच पैसे, भोसरीकर म्हणतात तस्संच. मस्ट रन म्हणतात, म्हणजे आमची वीज आधी घ्यायची, २०२१ च्या नियमात कपात केली तर करारदराने भरपाई आहे, पण ग्रिड सुरक्षेचं कारण असेल तर नाही, आणि दुपारी १ वाजता वीज कमी करा असा डिस्पॅच सेंटरचा फोन येतो तेव्हा कारण तेच लिहिलेलं असतं. मागच्या उन्हाळ्यात आमचा प्लांट असा खाली आणला, हप्ता मात्र पूर्ण गेला. वीज आली तरच पैसे या तत्त्वावर जगून बघा मग बोला.

रिटायर्ड शिफ्टवाला, कर्वेनगर
सदाशिव पेठकर, दाभोळचं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. म्हणूनच केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या टॅरिफ (वीजदर) नियमांत तरतूद ठेवली होती, जाहीर केलेली क्षमता दाखवा म्हटल्यावर दाखवता आली नाही तर पहिल्या वेळी दोन दिवसांचा स्थिर आकार कापायचा, दुसऱ्या वेळी चार दिवसांचा, मग दुप्पट दुप्पट. आमच्या चार्ज इंजिनिअरला झोप नसायची त्या भीतीने.

पण दुसरी बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. सोलरमुळे दुपारी आम्हाला ५५ टक्क्यांवर बसवतात, त्याखाली नेलं की ज्वाला टिकवायला तेल सोडावं लागतं, संध्याकाळी सातला परत वर चढा. बॉयलरच्या नळ्या रोज गरम थंड होतात, फुटतात. ती झीज कुठल्या ब्लॉकमध्ये दिसत नाही. बंद ठेवलेल्या केंद्राला फुकट पैसे म्हणताना रात्री दोनला ट्यूब लीकेज शोधायला उतरलेली माणसं आठवा.

भोसरीचा वर्कशॉपवाला
काका, माणसांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, भाड्याचं उदाहरण पण पटलं, तेवढं मागे घेतो. पण माझं गिऱ्हाईक मशिन भाड्याने ठेवताना अधूनमधून न सांगता येऊन जॉब लावायला सांगतं, मी पंधरा मिनिटांत स्पिंडल फिरवून दाखवतो. तसं वर्षात किती वेळा न कळवता मागितलं आणि किती वेळा मिळालं, हे केंद्रवार दरनिश्चितीच्या सुनावणीत मांडा. २५ वर्षांचा करार करून ठेवलेला जुना महागडा संच तीन तीन वर्षं हाक न मारता पडून असेल तर त्याचं भाडं मी का भरू, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

सोलरवाला, बाणेर
आणि त्याच सुनावणीत दुपारच्या कपातीचं खरं कारण पण लेखी मागा, मी येतो तुमच्याबरोबर.