चैन नव्हे, गुडघ्यांची काळजी

बास्केटबॉलच्या सरावकेंद्रांवरचा मोठा खर्च ही श्रीमंत संघांची चैन आहे आणि खेळाडू कुठेही घडतो, असे या चर्चेतील एका प्रतिसादात म्हटले आहे. त्यातील दुसरे विधान मला मान्य आहे, पहिले नाही. व्यायामशाळा आणि यंत्रे यांविषयी येथे बरेच लिहून झाले, परंतु पायाखालच्या जमिनीचा उल्लेख कोणी केला नाही. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या बहुतेक मैदानांवर कठीण मेपल लाकडाच्या फळ्या असतात आणि त्यांखाली लवचीक आधार असतो, त्यामुळे उडीनंतर पाय टेकताना बसणारा धक्का काही अंशी जमिनीतच जिरतो. सोलापुरात आम्ही शाळेच्या उघड्या सिमेंटच्या मैदानावर खेळलो; उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जात असल्यामुळे सराव सकाळी लवकर उरकावा लागे, आणि विशीतच माझे दोन्ही गुडघे जिना उतरताना दुखू लागले.

जागेचाही विचार व्हावा. शिकागो बुल्स या एनबीए संघाचे सरावकेंद्र १९९२ पासून डिअरफिल्ड या उपनगरात होते. २०१४ मध्ये ते युनायटेड सेंटर या सामन्यांच्या मैदानाशेजारी आले, म्हणजे सराव आणि सामना यांतील अंतर चालत जाण्याइतके उरले.