मदत हवी आहे: "बाई, तुम्ही तिला विचारलं होतं का?"

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. प्रश्न मोबाइलच्या वापराचा आहे, पण 'मुलांच्या हातात मोबाइल देऊच नका' हा सल्ला कृपया नको.

आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागताना परततात. पोरं आजीजवळ. आईबापाशी बोलता यावं म्हणून एक फोन घरी ठेवलेला असतो आणि तो चालवता येतो फक्त पोराला. आजीला हिरवं बटण कळतं, तेवढंच. 'पालकांनी लक्ष ठेवावे' हे पोस्टरवर छान दिसतं. इथे लक्ष ठेवणारा उसाच्या फडात कोयता चालवतोय.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती केली. सातवीतली एक मुलगी आईची नऊवारी दुमडून दुमडून नेसून आली, कपाळभर कुंकू, भाषण फर्डं. मी अकरा फोटो काढले आणि एकही नीट न बघता पालकांच्या ग्रुपवर टाकून दिले, कारण चारच्या आत केंद्राच्या (आसपासच्या शाळांचा सरकारी गट) ग्रुपवरही पाठवायचे होते. त्यातल्या एकात तिचे डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. आईने कौतुकाने तोच स्टेटसला ठेवला.

आठवीतल्या एका पोराने तो कापून स्टिकर बनवलं. खाली लिहिलं, 'आता झोपते हं'. आठवड्यात ते ऊसतोडीच्या टोळीच्या ग्रुपवर पोचलं आणि बाप्ये माणसं रात्री 'शुभ रात्री'च्या जागी ते पाठवायला लागली. आईचा फडाजवळच्या कोपीवरून, म्हणजे झोपडीवरून, रडत फोन आला. मुलगी चार दिवस 'पोट दुखतंय' म्हणून घरी.

मग दप्तरमुक्त शनिवारी मी तासच घेतला. फळ्यावर मुद्दे लिहिले: ओटीपी सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये वगैरे. चौथा मुद्दा, 'दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नये'. मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, तो फोटो ग्रुपवर तुम्हीच टाकला. तुम्ही तिला विचारलं होतं का?"

'तो शाळेचा कार्यक्रम होता' असं काहीतरी बोलून मी पाचव्या मुद्द्यावर गेले. मलाच पटलं नाही, पोरांना काय पटणार.

स्टिकरवाला पोरगा वाईट नाही. मला म्हणाला, "स्टिकर आहे बाई, फोटो थोडीच आहे." त्याला खरंच तसं वाटतं. मुख्याध्यापक म्हणतात, आयटी कायद्याचं ६६अ कलम सांगा, पोलिसांची भीती घाला, सरळ होईल. मला भीती घालायची नाही. पण मग शिकवायचं कसं? आणि माझ्या अकरा फोटोंचं काय करू?

निवृत्त_गुरुजी: दोन छड्या आमच्या काळी पुरत होत्या. पण आता ते नाही, आणि तेव्हाही पुरत नव्हत्या हे कबूल करतो. ताई, गणिताच्या तासाला घ्या. एकाने पाच जणांना पाठवलं, त्या पाचांनी पाच-पाच जणांना. ५, २५, १२५, ६२५. चौथ्या पायरीला गावातली घरं संपतात. मग विचारा की पाचच का? व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड करायला एका वेळी पाच चॅटची मर्यादा २०१८ च्या जुलैत आणली. त्याच १ जुलैला धुळ्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं होतं. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली, मंगळवेढ्याकडची माणसं. अफवा मोबाइलवरूनच फिरली होती.

धागाकर्ती: सर, आमच्या सहावीत डवरी गोसाव्यांची दोन मुलं आहेत. त्यांच्यासमोर हे सांगू का, हा मला प्रश्नच आहे. पण पाचाचा पाढा उद्याच घेते.

काळा_कोट: मुख्याध्यापकांना नमस्कार सांगा आणि हेही सांगा की ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. अकरा वर्षांच्या पोरांना मेलेल्या कलमाने घाबरवणं हाही बेजबाबदार वापरच. तुमच्या फोटोंबद्दल: २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ च्या आतल्या सगळ्यांना मूल धरतो आणि मुलाच्या डेटासाठी पालकाची संमती मागतो. शाळांना काही बाबतींत सवलती असल्या तरी माझा सल्ला सोपा आहे, प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्या.

कोकणची_बाई: मी रत्नागिरीकडे शिकवते. केंद्राला फोटो लागतात, त्यातून सुटका नाही. २०१६ च्या अखेरीस विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढून सरलवर (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) टाकायचा आदेश निघाला होता, आठवतंय? ओरड झाली म्हणून बारगळला. मी आता पाठीमागून फोटो काढते. फळा दिसतो, वेण्या दिसतात, हात वर केलेले दिसतात, चेहरा नाही. अजून कुणी परत पाठवलेला नाही. आणि त्या पोराला शिक्षा म्हणून नको, पण त्याचाच झोपलेला फोटो स्टिकर केला तर कसं वाटेल, हे त्याला मनात करून बघू दे. प्रत्यक्ष करू नका हं, आमच्याकडे एका उत्साही सरांनी केलं होतं. ते प्रकरण वर्षभर पुरलं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

आधी फोटो काढून टाकायला गेले, तर दोन आठवडे उलटल्यामुळे 'सगळ्यांसाठी डिलीट' हा पर्यायच येईना. ज्यांच्या गॅलरीत उतरलेत, त्यांच्याकडे तर आहेतच. मग तीच गोष्ट फळ्यावर लिहिली: 'बाईंना फोटो परत घेता आला नाही.' पोरांना हे ओटीपीपेक्षा पटकन कळलं. पाचाच्या पाढ्याने वर्ग गप्प झाला. पोरगा शेवटी बोलला, "बाई, मी तर दोघांनाच पाठवलं होतं."

मुलगी सोमवारी आली. तिला अकराही फोटो दाखवले आणि म्हटलं, तुला विचारायला हवं होतं, चुकलं माझं. ती प्रत्येक फोटो बोटाने मोठा करून बघत बसली. एक ठेवा म्हणाली, हात वर केलेला. बाकीचे माझ्या फोनमधून तिनेच काढले. स्टिकरबद्दल ती अजून बोलत नाही, मीही विचारलेलं नाही. टोळीतल्या बाप्यांना कोण सांगणार, तेही सुचत नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाला फोन करून बघते.

आता २६ जानेवारी आलाय. कवायतीचे फोटो पाठीमागूनच काढणार. पण संमतीचा साध्या मराठीतला नमुना कुणाकडे असेल तर इथे टाका, शेजारी मुलाच्या सहीलाही जागा ठेवलेला. आणि काळा कोट साहेब, आईबाप तिकडे कारखान्यावर असताना आजीचा अंगठा चालेल का?