ऑइल काळं पडलं म्हणजे बिघडलं असं नाही

स्प्लेंडरचं ऑइल हजार किलोमीटरमध्येच काळं पडतं, मग रॉकेल घालून इंजिन धुवावं का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको! ऑइलमधले डिटर्जंट काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं दिसतं. रॉकेल पूर्ण निथळत नाही आणि उरलेलं नवीन ऑइल पातळ करतं.

त्यापेक्षा गाडी जरा फिरवून आणा, मेन स्टँडला लावा आणि गरम असतानाच ऑइल काढा. ड्रेन बोल्टचा वॉशर चपटा झाला असेल तर बदला, तेवढ्यासाठी गळती कशाला?

जुन्या स्प्लेंडरला कागदी फिल्टर नसतो. जाळी असते आणि क्रँकवर (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्यावर) सेंट्रिफ्यूगल फिल्टर, म्हणजे फिरण्याच्या जोराने घाण बाजूला फेकणारा; त्यात काळा चिकट गाळ साठतो. तो साफ करायला इंजिनाचं उजवं कव्हर काढून नवीन गॅस्केट (सांध्यातली पातळ पट्टी) टाकावं लागतं, म्हणून बरेच मेकॅनिक तिकडे फिरकतच नाहीत. अधूनमधून समोर उभं राहून साफ करून घ्या.

कारचं उरलेलं ऑइल ओतू नका, क्लच त्याच ऑइलात असतो, घसरायला लागेल. डब्यावर 'जासो एमए' (JASO MA, ऑइलात बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं जपानी मानक) बघा.

पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या असतील तर डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या काडीवर) दुधट फेस दिसतो, तो इंजिनातल्या ओलाव्याचा. एकदा अर्धा तास सलग पळवा. तरी गेला नाही तर ऑइल बदला.